आद्रिया एअरवेजचं काय झालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आद्रिया एअरवेज ही कुठली कंपनी?

स्लोव्हेनियाची. वीस लाख वस्तीचा हा देश इटली, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि क्रोएशिया यांच्या मध्ये वसलेला आहे. राजधानी ल्युब्ल्यानापासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेला ब्रनिक विमानतळ हे कंपनीचं घर होतं. १९६१ साली स्थापना झाली, २०१९ च्या २३ सप्टेंबरला बहुतेक उड्डाणं थांबली आणि २ ऑक्टोबरला क्रान्य इथल्या न्यायालयाने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. कंपनीचा दोन अक्षरी संकेत ‘जेपी’ होता आणि तिकीट क्रमांक १६५ ने सुरू होई. हा १६५ आकडा लक्षात ठेवा, पैसे परत मिळण्याच्या प्रश्नात तो पुन्हा लागेल.

‘राष्ट्रीय ध्वजवाहक’ म्हणजे सरकारी कंपनी का?

तसं नाही. पूर्वी दोन देशांमधल्या हवाई करारात प्रत्येक देश आपापली कंपनी नेमायचा आणि ती त्या देशाची ध्वजवाहक ठरायची. युरोपीय संघात १९९७ पासून संघातली कोणतीही परवानाधारक कंपनी संघातल्या कोणत्याही दोन शहरांमध्ये उडू शकते. स्लोव्हेनिया २००४ मध्ये संघात आला आणि त्या दिवसापासून आद्रियाच्या घरच्या मार्गांना कायद्याचं कुंपण उरलं नाही. विमानाच्या शेपटीवरच्या देशाच्या ओळखीमुळे लोकांचा जीव कंपनीत गुंतला होता, पण त्यातून एकही मार्ग राखीव मिळत नव्हता. शेवटची साडेतीन वर्षं तर ती पूर्णपणे खासगी मालकीची होती.

सुरुवात कशी झाली?

नेदरलँड्सच्या केएलएमकडून घेतलेल्या जुन्या डीसी-६बी विमानांनी. स्लोव्हेनिया तेव्हा युगोस्लाव्हियातलं एक प्रजासत्ताक होतं. ब्रनिकचं बांधकाम तेव्हा पूर्ण झालं नव्हतं, त्यामुळे पहिली दोन वर्षं कारभार झाग्रेबहून चालला. काम मुख्यतः चार्टरचं होतं: पश्चिम युरोपातल्या पर्यटकांना आद्रियाटिक किनाऱ्यावर आणायचं आणि जर्मनीत कामाला गेलेल्या युगोस्लाव्ह मजुरांची ने-आण करायची. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनी आर्थिक अडचणीत आली. मग बेलग्रेडच्या इंटरएक्स्पोर्ट या व्यापारी कंपनीशी जोडली जाऊन ती ‘इनेक्स-आद्रिया’ झाली आणि १९६९ पासून डीसी-९ जेट उडवू लागली.

चार्टरचा धंदा छोट्या कंपनीला का मानवतो, हे इथे नीट पाहायला हवं. चार्टरमध्ये अख्खं विमान सहल कंपनी विकत घेते. खुर्च्या रिकाम्या गेल्या तर तोटा सहल कंपनीचा, विमान कंपनीला ठरलेली रक्कम मिळतेच. नियमित वेळापत्रकाच्या धंद्यात ही जोखीम उलटी होते: विमान उडवायचंच आणि खुर्ची भरली नाही तर झळ आपल्यालाच. आद्रियाची पहिली तीन दशकं बऱ्याच अंशी पहिल्या प्रकारावर उभी होती.

भरभराटीचा काळ कोणता?

ऐंशीचं दशक. १९८६ मध्ये ‘आद्रिया एअरवेज’ हे नाव घेऊन कंपनी पुन्हा स्वतंत्र झाली. मे १९८९ मध्ये व्ही२५०० इंजिनाचं एअरबस ए३२० जगात सर्वप्रथम प्रवासी सेवेत आणलं ते आद्रियाने. हेच इंजिन पुढे हजारो विमानांवर चढलं, भारतात किंगफिशर आणि इंडिगोच्या ए३२० वरही होतं. एका छोट्या प्रजासत्ताकाच्या कंपनीने जगातला पहिला ग्राहक होण्याची हिंमत दाखवली. तिचे वैमानिक आणि तंत्रज्ञ त्या तोडीचे होते. पडझडीची चर्चा करताना हे विसरलं जातं, ते विसरू नये.

अपघातांमुळे कंपनी बुडाली का?

नाही. १९७६ मध्ये झाग्रेबजवळ इनेक्स-आद्रियाचं डीसी-९ आणि ब्रिटिश एअरवेजचं ट्रायडंट यांची हवेत टक्कर होऊन १७६ जण गेले, त्यात हवाई वाहतूक नियंत्रणातल्या चुका कारणीभूत होत्या. १ डिसेंबर १९८१ रोजी कोर्सिकातल्या आजाक्सिओजवळ एमडी-८१ डोंगरावर आदळून १८० जणांचा मृत्यू झाला. दोन्ही दुर्घटना भीषण होत्या, पण २०१९ च्या दिवाळखोरीशी त्यांचा संबंध नाही.

मग खरा पहिला घाव कोणता?

१९९१. जूनमध्ये स्लोव्हेनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि तीन दिवसांनी, २८ जूनला, युगोस्लाव्ह लष्कराच्या विमानांनी ब्रनिकवर हल्ला केला. जमिनीवर उभ्या असलेल्या आद्रियाच्या विमानांचं नुकसान झालं. त्यानंतर काही महिने उड्डाणबंदी आली, तेव्हा कंपनीने सीमेपलीकडच्या ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टहून काम चालू ठेवलं.

विमानं दुरुस्त झाली, गेलेली बाजारपेठ मात्र परत आली नाही. सुमारे २.३५ कोटी वस्तीच्या युगोस्लाव्हियातली देशांतर्गत उड्डाणं एका फटक्यात संपली. युद्धामुळे क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचे पर्यटक अनेक वर्षं फिरकले नाहीत. मोठ्या बाजारासाठी घेतलेली विमानं वीस लाखांच्या देशात रिकामी उभी राहिली.

आमच्या मते २०१९ ची मुळं इथे आहेत. त्यानंतर जे जे झालं त्यात एकच प्रश्न अनुत्तरित राहिला: एवढ्या छोट्या देशाला स्वतःची विमान कंपनी हवी असेल, तर तिच्या न परवडणाऱ्या मार्गांचा खर्च कोण उचलणार?

नव्वदीनंतर कंपनी कशावर जगली?

जोडप्रवासावर. सकाळी बाल्कनातल्या प्रिश्टिना, स्कोप्ये, तिराना, सारायेवो इथून विमानं ल्युब्ल्यानाला यायची, तासाभरात फ्रँकफर्ट, म्युनिक, झुरिककडे निघायची आणि संध्याकाळी उलट फेरी व्हायची. बाल्कनातून पश्चिमेला कामाला गेलेले लोक हा हक्काचा प्रवासी. मोठ्या विमानांऐवजी पन्नास आसनांची सीआरजे-२०० आणि पुढे ८६ आसनांच्या आसपासची सीआरजे-९०० घेतली. २००४ मध्ये स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक गटाचं सदस्यत्व मिळालं आणि जर्मनीच्या लुफ्थान्साशी सांगड पक्की झाली.

आराखडा शहाणपणाचा होता, पण त्यात दोन अडचणी होत्या. एक, छोट्या जेटचा दर आसनी खर्च मोठा असतो: वैमानिक दोनच लागतात, मग खुर्च्या ८६ असोत की १८०. उदाहरणादाखल हिशेब करा. एका फेरीचा एकमार्गी खर्च ८,००० युरो आणि ८६ पैकी ५६ खुर्च्या भरलेल्या. म्हणजे प्रत्येक प्रवाशाकडून सरासरी १४३ युरो यायला हवेत, तेही विमानतळ कर वगळून. दोन, स्पर्धा शेजारच्या देशांत होती. ल्युब्ल्यानाहून त्रिएस्ते सुमारे १०० किलोमीटर, झाग्रेब १४०, व्हेनिस २४०. तिथून स्वस्त कंपन्या उडत होत्या आणि शटल गाड्या स्लोव्हेनियन प्रवाशांना घराजवळून उचलून तिकडे नेत होत्या.

सरकारने मदत केली नाही का?

केली, आणि तीच पुढे बेडी ठरली. २०११ मध्ये सरकारने सुमारे ५ कोटी युरो भांडवल घातलं आणि बँकांनी कर्जाचा काही भाग समभागांत बदलला. युरोपीय आयोगाने २०१४ मध्ये ही पुनर्रचना मदत मंजूर केली. संघाचा नियम मात्र ‘एकदाच आणि शेवटची’ असा आहे. अशी मदत घेतलेल्या कंपनीला पुढची दहा वर्षं पुन्हा तशी मदत देता येत नाही.

२०१९ च्या त्याच सप्टेंबरमध्ये जर्मन सरकारने कोंडोर या कंपनीला ३८ कोटी युरोंचं तात्पुरतं कर्ज देऊ केलं आणि आयोगाने ते मान्य केलं, कारण कोंडोरची पाटी कोरी होती. स्लोव्हेनियाला तो मार्ग बंद होता. ‘सरकारने मनावर घेतलं असतं तर वाचली असती’ असं म्हणणाऱ्यांनी हा नियम आधी पाहावा.

विक्री कोणाला आणि कितीला झाली?

२०१६ च्या सुरुवातीला ९१.५८ टक्के हिस्सा लक्झेंबर्गमध्ये नोंदलेल्या ‘फोर-के इन्व्हेस्ट’ला विकला गेला. किंमत १ लाख युरो. तेव्हाच्या दराने साधारण ७५ लाख रुपये, म्हणजे पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट. विकण्याआधी सरकारनेच कंपनीत आणखी सुमारे ३१ लाख युरो घातले आणि नव्या मालकाने १० लाखांचं भांडवल टाकलं.

किंमत कमी होती एवढ्यावरून व्यवहार वाईट ठरत नाही. तोट्यातली कंपनी कर्जासकट घ्यायची तर नाममात्र किंमत लागू शकते. चूक दुसरीकडे आहे. घेणारी संस्था अडचणीतल्या उद्योगांची खरेदी करणारी होती, विमान कंपनी नव्हती. तिच्याकडे स्वतःचं जाळं, विमानांची मोठी ऑर्डर किंवा स्वस्त कर्ज यांपैकी काहीच नव्हतं. छोट्या ध्वजवाहकाला मोठ्या कंपनीचा आधार लागतो आणि या व्यवहारात तोच मिळाला नाही.

विमानं विकून परत भाड्याने घेण्यात गैर काय?

पद्धत म्हणून काहीच गैर नाही, जगभरातल्या धडधाकट कंपन्याही ती वापरतात. विमान लिझिंग कंपनीला, म्हणजे विमानं भाड्याने देणाऱ्या कंपनीला विकायचं, रोख पैसे घ्यायचे आणि तेच विमान दरमहा भाड्यावर उडवत राहायचं. आद्रियाने कंपनीच्या विक्रीनंतरच्या काळात आपली सीआरजे विमानं अशीच विकली.

त्यातले खर्च एकेक करून पाहा. पहिलं भाडं: बाजारात मोठा ढोबळ आडाखा म्हणजे विमानाच्या किमतीच्या एक टक्का दरमहा. एक कोटी युरोंच्या विमानाला महिन्याला एक लाख. दुसरी ठेव, साधारण दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढी. तिसरा देखभाल निधी: इंजिन, लँडिंग गिअर आणि मोठ्या तपासण्यांसाठी प्रत्येक उड्डाण तासाला किंवा फेरीला ठरलेली रक्कम वेगळी भरायची. चौथी परतीची अट: करार संपताना विमान ठरलेल्या स्थितीत परत द्यायचं, नाहीतर भरपाई. स्वतःच्या मालकीच्या जुन्या विमानाला हिवाळ्यात दोन महिने जमिनीवर उभं करता येतं, भाड्याच्या विमानाचं मीटर उभं असतानाही चालू राहतं.

मिळालेली रोख रक्कम रोजच्या तोट्यात गेली, तर दोन वर्षांनी हातात विमान नाही, रोख नाही आणि तारण ठेवायलाही काही नाही. बँक अशा कंपनीला दारात उभं करत नाही. आद्रियाच्या बाबतीत अखेरचं कुलूप इथेच लागलं.

नव्या मालकाने विस्तार केला होता ना?

आद्रियाची धाव त्या वर्षांत चारी दिशांना होती. पोलंडमधलं वूच आणि जर्मनीतलं पाडरबॉर्न इथे विमानं ठेवून मार्ग चालवले. एस्टोनियाची ध्वजवाहक नोव्हेंबर २०१५ मध्ये बंद पडल्यावर तिची जागा घेणाऱ्या नॉर्डिकाला विमानं आणि चालक दल पुरवलं. ही शेवटची कामगिरी खरोखर चांगली होती. याला वेट लीज म्हणतात: विमान, वैमानिक, देखभाल आणि विमा आपला, तिकीट विक्रीची जोखीम समोरच्याची. जुन्या चार्टरचंच हे नवं रूप.

२०१७ च्या उन्हाळ्यात अबू धाबीच्या एतिहादकडून स्वित्झर्लंडची डार्विन एअरलाइन घेऊन तिचं नाव ‘आद्रिया एअरवेज स्वित्झर्लंड’ केलं. नोव्हेंबरअखेर स्विस अधिकाऱ्यांनी तिचा परवाना काढला आणि ती बुडाली. तिच्याकडची साब-२००० टर्बोप्रॉप विमानं आद्रियाच्या ताफ्यात आली. जगात एकूण ६३ च बनलेलं हे विमान, त्यामुळे सुटे भाग दुर्मीळ. सीआरजेच्या सर्व आकारांना वैमानिकाचं एकच प्रकार-मानांकन (त्या प्रकारचं विमान उडवण्याची मान्यता) चालतं. साबला वेगळं लागतं आणि ताफ्यातल्या एअरबस ए३१९ ला तिसरं. वीसेक विमानांच्या ताफ्यात तीन कुटुंबं म्हणजे तीन प्रशिक्षणं, सुट्या भागांचे तीन साठे आणि राखीव वैमानिकांचे तीन गट. एक विमान बिघडलं की दुसरं पाठवता येत नाही, उड्डाण रद्द होतं आणि नुकसानभरपाई द्यावी लागते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये रशियाच्या १५ सुखोई सुपरजेटसाठी इरादापत्र झालं, एप्रिल २०१९ मध्ये तेही बारगळलं.

शेवटच्या आठवड्यात नेमकं काय घडलं?

लिझिंग कंपन्यांनी विमानं थांबवायला सुरुवात केली. २३ सप्टेंबर २०१९ ला कंपनीने दोन दिवसांसाठी जवळपास सगळी उड्डाणं रद्द केली, फक्त ल्युब्ल्याना–फ्रँकफर्ट चालू ठेवण्याचा प्रयत्न झाला. मग मुदत वाढत गेली. ३० तारखेला दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला. सुमारे साडेपाचशे कर्मचारी रस्त्यावर आले. ब्रिटनची थॉमस कुकही २३ सप्टेंबरलाच बुडाली. फ्रान्सच्या एगल अझ्यूर आणि एक्सएल एअरवेज याच महिन्यात थांबल्या.

सप्टेंबरच का?

उन्हाळ्यातल्या तिकिटांचे पैसे वसंतातच येऊन खर्च झालेले असतात. सप्टेंबरमध्ये उन्हाळ्याची थकलेली बिलं येतात आणि पुढच्या सहा महिन्यांची विक्री पातळ असते. त्यातच बातमी फुटली की साखळी सुरू होते: कार्डाचे पैसे हाताळणारी बँक प्रवास पूर्ण होईपर्यंत रक्कम अडवून ठेवते, इंधनवाला आगाऊ रोख मागतो, विमानतळ उतरण्याआधी शुल्क मागतो, प्रवासी एजंट दुसऱ्या कंपनीकडे वळतात. कागदावरचा तोटा कंपनी वर्षानुवर्षं सोसू शकते, रोख संपली की मात्र दोन दिवसांत थांबते.

नियामक झोपले होते का?

विमान कंपनीकडे दोन स्वतंत्र कागद असतात. हवाई परिचालक प्रमाणपत्र सुरक्षेचं असतं, परिचालन परवाना आर्थिक क्षमतेचा. युरोपीय नियम १००८/२००८ नुसार नव्या कंपनीला २४ महिन्यांची देणी फेडण्याची क्षमता आणि उत्पन्नाशिवाय तीन महिन्यांचा खर्च दाखवावा लागतो. चालू कंपनी पुढच्या १२ महिन्यांची देणी फेडू शकणार नाही असं दिसलं, तर परवाना काढायचा किंवा जास्तीत जास्त १२ महिन्यांचा तात्पुरता द्यायचा. स्लोव्हेनियाच्या हवाई वाहतूक संस्थेने २०१९ च्या सुरुवातीलाच आद्रियाकडे हिशेब मागितले होते. पण परवाना काढणं म्हणजे आपल्याच हाताने कंपनी बुडवणं, म्हणून सगळेच नियामक शेवटच्या घटकेपर्यंत थांबतात. त्याची किंमत त्या काही महिन्यांत तिकीट काढणारे प्रवासी मोजतात.

ज्यांची तिकिटं होती त्यांचे पैसे परत मिळाले का?

कोणाकडून आणि कसं काढलं होतं, यावर ते ठरलं. आज दुसऱ्या कुठल्या युरोपीय कंपनीवर ही वेळ आली तरी क्रम हाच ठेवा.

१. तिकीट क्रमांकाचे पहिले तीन आकडे पाहा. २२० असेल तर तिकीट लुफ्थान्साने दिलेलं आहे, म्हणजे मधला टप्पा आद्रियाचा असला तरी पर्याय किंवा परतावा लुफ्थान्साकडे मागायचा. १६५ असेल तर तिकीट आद्रियाचंच, मग पुढच्या पायऱ्या.

२. सहल पॅकेज असेल तर युरोपीय पॅकेज नियमांनुसार आयोजक जबाबदार. नुसत्या खुर्चीच्या तिकिटाला हे संरक्षण नाही.

३. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे ताबडतोब चार्जबॅक (कार्डावरून गेलेली रक्कम परत) मागा, ‘सेवा मिळाली नाही’ हे कारण द्या. तिकीट, पैसे भरल्याची पावती आणि उड्डाण रद्द झाल्याची सूचना जोडा. मुदत बँकेनुसार बदलते, वाट पाहत बसू नका.

४. तेही जमलं नाही तर दिवाळखोरीत दावा. स्लोव्हेनियात प्रक्रिया सुरू झाल्याची नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून तीन महिन्यांत दावा नोंदवावा लागतो.

रद्द उड्डाणाची २५०, ४०० किंवा ६०० युरोंची भरपाई कायद्याने लागू होती, पण बुडालेल्या कंपनीकडून ती मागणं म्हणजे बिनतारणी धनकोंच्या रांगेत उभं राहणं. पगाराची थकबाकी आणि तारणधारक तुमच्या पुढे असतात.

मुंबईहून ल्युब्ल्यानाला निघालेल्याला काय फरक पडला असता?

मुंबई–फ्रँकफर्ट–ल्युब्ल्याना एकाच तिकिटावर असेल तर फ्रँकफर्टपुढची सोय तिकीट देणाऱ्या कंपनीने करायची. पंचवीस-तीस युरो वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली असतील, तर दुसरा टप्पा पूर्ण बुडीत आणि म्युनिकमार्गे रेल्वे किंवा बसचा खर्च खिशातून. आद्रियाचे प्रवासी लुफ्थान्साच्या ‘माइल्स अँड मोअर’ योजनेत होते, त्यामुळे जमवलेले माइल्स शाबूत राहिले.

जेट एअरवेजही २०१९ मध्येच थांबली. दोन्हींत फरक काय?

वेग. मुंबईस्थित जेटची उड्डाणं १७ एप्रिल २०१९ ला थांबली आणि पुनरुज्जीवनाच्या प्रयत्नांनंतर सर्वोच्च न्यायालयाने अवसायनाचा (मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याचा) आदेश दिला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये. आद्रियाच्या बाबतीत नऊ दिवसांत थेट दिवाळखोरी. जेटच्या कर्मचाऱ्यांना साडेपाच वर्षं आशेवर राहावं लागलं, आद्रियाच्या लोकांना निदान लगेच दुसरीकडे अर्ज करता आला. आम्हाला दुसरा मार्ग कमी क्रूर वाटतो.

नंतर स्लोव्हेनियाचं काय झालं?

लुफ्थान्सा गटाने फ्रँकफर्टसारखे भरणारे मार्ग तातडीने उचलले. बाल्कनातली थेट जोडणी मात्र तुटली, कारण ती ल्युब्ल्यानाला बदलणाऱ्या प्रवाशांवर उभी होती. ब्रनिकवर २०१८ मध्ये १८ लाखांहून अधिक प्रवासी होते, कोविड ओसरल्यावरही २०२३ मध्ये ते १३ लाखांच्या आतच राहिले. सरकार आता नवे मार्ग सुरू करणाऱ्या परदेशी कंपन्यांना अनुदान देतं. १९९१ नंतर आद्रियासाठी जे उघडपणे करायला हवं होतं, म्हणजे ठरावीक मार्गाची ठरावीक किंमत मोजणं, ते आता इतरांसाठी होतंय.

कंपनी पुन्हा सुरू होऊ शकते का?

जानेवारी २०२० मध्ये तिचं परिचालक प्रमाणपत्र लिलावात ४५,००० युरोंना विकलं गेलं. त्यातून एकही प्रवासी विमान उडालं नाही. असं प्रमाणपत्र नेमलेल्या जबाबदार व्यक्ती, मंजूर नियमपुस्तिका आणि ताब्यातली विमानं यांच्या जोरावर जिवंत असतं. वैमानिक दुसऱ्या कंपन्यांत गेले, विमानं लिझिंग कंपन्यांनी नेली, ब्रनिकवरच्या उड्डाणांच्या वेळा इतरांनी घेतल्या. विकत घेणाऱ्याला कागद मिळाला.